खंडाळ्याची बिनव्याजी रिझर्व्ह बँक

मी व्याजावर जगणारा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालो तेव्हा हातात जे आलं ते सगळं मुदत ठेवीत टाकलं, आणि तेव्हापासून ठेवीचा दर हाच माझ्या बोलण्याचा मुख्य विषय आहे. बायको म्हणते, एवढ्या वेळा देवाचं नाव घेतलं असतं तर न्यायला विमान आलं असतं. आणि अशा माझा सगळ्यात जवळचा मित्र कोण, तर मकसूद मुलाणी, जो व्याजाच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. खंडाळ्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. तुमचं दोघांचं पटतं कसं, असं लोक विचारतात. पटत नाहीच. आम्ही रोज भांडतो, आणि ज्या दिवशी भांडण होत नाही त्या दिवशी दोघांपैकी कोणीतरी आजारी असतं.

मकसूद घाटात इंजिन चालवायचा. गाडीच्या पुढचं नव्हे, मागचं. कर्जतहून घाट चढायला पुढच्या इंजिनाची ताकद पुरत नाही, म्हणून शेपटीला आणखी इंजिनं जोडतात. आम्ही त्यांना बँकर म्हणतो. लोणावळा आलं की ती सोडतात, गाडी पुण्याकडे निघून जाते आणि ती परत खाली उतरतात, दुसरी गाडी ढकलायला. डब्यात बटाटेवडा खात बसलेल्या प्रवाशाला त्यांचा पत्ताही नसतो. गार्डाचा डबा सगळ्यात शेवटी, त्यामुळे माझी सारी नोकरी मकसूदचं इंजिन पाठीशी घेऊन झाली. मागच्या ड्रायव्हरला पुढचं काही दिसत नाही. किती जोर लावायचा ते अंगानं ओळखायचं. कमी पडला तर गाडी मागं येऊ लागते, जास्त झाला तर मधले डबे दाबले जाऊन रुळावरून उचलतात. मकसूद मागं असला की माझ्या हातातला चहा हिंदकळत नसे. अशा माणसाबद्दल मी चांगलंच बोलणार, त्याला माझा इलाज नाही.

निवृत्त झाल्यावर वस्तीनं त्याला बैतुलमालचा खजिनदार केलं. बैतुलमाल म्हणजे जमातीची बिनव्याजी पेटी. ज्याच्याकडे चार पैसे जास्त आहेत तो ते अमानत म्हणून, मागेल तेव्हा परत मिळणारी ठेव म्हणून, पेटीत ठेवतो. ज्याला नड आहे तो उचलतो आणि जेवढे उचलले तेवढेच सवडीनं फेडतो. बंगल्यांवरचे माळी, हॉटेलांतले वेटर, पर्यटकांना फिरवणारे ड्रायव्हर, सगळ्यांचा आधार ती पेटी. ती उघडायची जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, दुपारच्या नमाजानंतर, मशिदीच्या ओसरीवर, सगळ्यांदेखत. हा रिवाज कोणी पाडला ते आज कोणालाच ठाऊक नाही, पण तो कधी कोणी मोडलाही नव्हता.

पेटीतला बराचसा पैसा बँकेच्या चालू खात्यात नुसता पडून असे, कारण चालू खात्याला व्याज नसतं. मी मकसूदला म्हणालो, "मुदत ठेवीत टाक की. पडल्या पडल्या वाढंल."

"ते तू खा, गोरख," तो म्हणाला. "आमाला पचायचं न्हाई."

मग त्याचा मुलगा जुनेद, जो हिंजवडीत कंपनीत आहे, त्यानं एक तोड काढली. शेअर बाजाराचा असा एक फंड होता जो दारूच्या आणि व्याजाच्या धंद्यात पैसे घालत नाही. शेअर म्हणजे धंद्यातली भागीदारी, नफा झाला तर नफा, तोटा झाला तर तोटा. त्यात व्याजाचा संबंध नाही. जमातीच्या पंचांनी विचारविनिमय केला, माना डोलावल्या, आणि मकसूदनं पेटीतला तिसरा हिस्सा त्या फंडात घातला. दोन वर्षं तो वाढलाही. पापभीरू माणसाची चूक अशीच असते बघा. व्याज टाळायचं म्हणून त्यानं सुरक्षित जागा टाळली, आणि लोकांनी मागताक्षणी परत द्यायचा पैसा चढउताराच्या वाटेला लावला.

मग २०२० चा मार्च आला. चीनमधला आजार जगभर पसरला आणि सगळीकडचे शेअर बाजार कोसळू लागले. महिन्याच्या मध्याला एका शुक्रवारी तर बाजार उघडल्या उघडल्या इतका पडला की व्यवहारच थांबवले. मकसूदकडे टीव्ही नाही. तो बातम्या माझ्या खिडकीतून बघतो, कंपाउंडच्या भिंतीवर कोपर टेकून.

"मेला बाजार," मी म्हणालो. "बंद केला."

"बंद न्हाई केला. थांबिवला," तो म्हणाला. "घाट उतरताना आपन थांबतो का न्हाई?"

ते खरं होतं. घाट उतरताना ठरल्या जागी गाडी थांबवावीच लागते. तिथला सांधा मुख्य रुळाकडे नसतो, सुटलेली गाडी चढून थांबावी म्हणून बाजूच्या चढावर जाणाऱ्या रुळाकडे वळवलेला असतो. गाडी थांबवून दाखवली, ती ताब्यात आहे हे कळलं, की मगच पुढचा रस्ता मिळतो.

"पन त्यानं गाडी फकस्त थांबती," मकसूद म्हणाला. "चढायला मागनं धक्का लागतो. तो कोन देनार?"

धक्का देणारे लगेचच पुढं आले. त्याच रविवारी, ऐन सुट्टीच्या दिवशी, अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेनं आपलं व्याज जवळजवळ शून्यावर आणलं. आणि सोमवारी बाजार आणखीच आपटला! मला कोण आनंद झाला. मी पेपर त्याच्यापुढं फडकवला आणि म्हणालो, "हा तुझा धक्का. काय उपेग झाला?"

"घसरती गाडी धक्का दिल्याबरूबर चढती व्हय रे? आदी घसरायची थांबती."

त्याचा चेहरा मात्र उतरला होता. बैतुलमालच्या फंडाचं मोल दर दिवशी खाली जात होतं. नंतरच्या आठवड्यात देशभर टाळेबंदी लागली. लोणावळ्याची हॉटेलं, चिक्कीची दुकानं, गाड्या, सगळं एका रात्रीत थंड झालं. मशिदीला कुलूप तर त्याच्या आधीच्या शुक्रवारीच लागलं होतं. मशीद बंद म्हणजे जुम्मा नाही, आणि जुम्मा नाही म्हणजे पेटी नाही. एरवी कोणाच्या लक्षातही आलं नसतं, पण नेमका सगळ्यांना पैसा लागायची वेळ आणि पेटी बंद. मग मोबाइलवर जे फिरायचं तेच फिरलं: मकसूदनं बैतुलमाल शेअरात बुडवला, म्हणून पेटी उघडत नाही.

पहिली नजमा आली. नजमा विधवा बाई, एका बंगल्यावर स्वयंपाक करायची. बंगलेवाले मुंबईत अडकले आणि तिचं काम थांबलं. तिच्या मुलीचा, अम्माराचा, निकाह ईदनंतर ठरला होता आणि त्यासाठी जमवलेलं सगळं पेटीत अमानत होतं. फाटकाबाहेर उभी राहून ती म्हणाली, "चाचा, खरं सांगा. माजं पैसं हायेत का न्हाईत?"

"हायेत, बेटी."

"मग द्या."

"मशीद उघडू दे. जुम्म्याला—"

"मशीद कवा उघडायची ते सरकारला बी ठावं न्हाई!" ती ओरडली. आजूबाजूच्या खिडक्या उघडल्या. मकसूद खाली मान घालून उभा राहिला. इंजिनावर कधी न डगमगलेला माणूस असा उभा राहिलेला बघून मला फार वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, नजमाचा रागही आला. पण तिचं काय चुकलं होतं?

टाळेबंदीतला पहिला शुक्रवार. सकाळी रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर टीव्हीवर आले. व्याजदर पाऊण टक्क्यानं खाली. बँकांना मुबलक रोख. कर्जदारांना तीन महिने हप्ते पुढं ढकलायची सवलत. मी तर उडालोच. "शेअरवाले घसरले आन दंड मला?" मी टीव्हीवर खेकसलो. "माझ्या ठेवीनं कुणाचं काय वाकडं केलंय?" भिंतीपलीकडे मकसूद कान देऊन ऐकत होता. व्याजाला हात न लावणारा माणूस व्याजदराच्या बातमीकडे डोळे लावून उभा, आणि व्याजावर जगणारा मी तिला शिव्या घालतोय. खंडाळ्यात त्या दिवसांत एवढीच करमणूक होती.

"रिझर्व्ह बँक शेअर घेनार का आता?" त्यानं विचारलं.

"एक बी न्हाई."

"मग करती काय?"

मला जेवढं कळलं होतं तेवढं मी सांगितलं. बाजार पडतो तेव्हा सगळ्यांना एकदम रोख हवी असते. ज्याला नड आहे तोही विकतो आणि ज्याला नुसती भीती वाटते तोही. घेणाऱ्याच्या हातात रोख नसते, त्यामुळे चांगला मालही मातीमोल जातो. अशा वेळी रिझर्व्ह बँक बाजारात उतरत नाही. ती बँकांना म्हणते, माल विकू नका, माझ्याकडे तारण ठेवा आणि स्वस्तात रोख न्या. रोख फिरू लागली की भीती ओसरते, आणि भीती ओसरली की कोणी पडेल भावानं विकत नाही.

मकसूदनं ते नीट ऐकलं. मग म्हणाला, "ही बैठक आजच ठरलेली व्हती?"

"न्हाई. एप्रिलात व्हायची व्हती. तवर वाट बघन्यात अर्थ न्हवता म्हनून आदीच घेतली."

त्यानं भिंतीवरचं कोपर काढलं. "त्यांनी टाइमटेबल मोडलं," तो म्हणाला, "आनि मी मशिदीचं कुलूप निघायची वाट बघत बसलोय."

त्यानं तिथूनच पंचांना एकेक करून फोन लावले. पेटी शुक्रवारची वाट न बघता रोज सकाळी उघडायची, आपल्या घराच्या ओट्यावर, दुकानं उघडी असतात त्या वेळात. जो अमानत मागेल त्याला तिथंच द्यायची. पंचांनी कुरकुरत हो म्हटलं. पण प्रश्न रोखीचा होता. चालू खात्यातले पैसे थोड्या दिवसांत संपले असते. उसने नेलेले लोक घरी बसलेले, त्यांच्याकडून परतफेड कुठली? फंड विकावा तर पडत्या भावात, म्हणजे लोकांच्या अमानतीचं नुकसान कायमचं. मकसूदकडे दुसरा एकच पैसा होता. तो हजचा.

तो पैसा त्याचा एकट्याचा नव्हता. त्याची बायको नूरवहिनी पडदे शिवते. खंडाळ्यातल्या कितीतरी बंगल्यांच्या खिडक्यांना तिचे पडदे आहेत. निम्मा पैसा तिच्या शिलाईचा, निम्मा मकसूदच्या निवृत्तीचा, दोघांनी मिळून हजला जायचं म्हणून बाजूला काढलेला. तोही चालू खात्यात, व्याजाचा स्पर्श न होऊ देता ठेवलेला. आमच्या दोन घरांमधली भिंत पातळ आहे. मी मुद्दाम ऐकलं नाही, पण कानात बोटंही घातली नाहीत.

"चूक तुमची आनि हज माजी?" वहिनी म्हणाली. शिलाई मशीन चालूच होतं.

"परत येतील पैसं."

"काबा हाय तितंच ऱ्हानार हाय, मला ठावं हाय. पन मी ऱ्हानार का?"

मशीन चालत राहिलं. एक अख्खा पडदा शिवून झाला असेल. मग ते थांबलं.

"द्या," वहिनी म्हणाली. "पन माजं एक ऐका. नुसतं अमानत मागनाऱ्यास्नी दिऊ नका. ज्याची चूल इझलीया त्येला उसनं बी द्या. दार उघडायचं तर पुरतं उघडा. फट ठिवून बसू नका."

मी भिंतीच्या अलीकडे बसून डोळे पुसले. बायकोला सांगितलं, डोळ्यांत कचरा गेला.

मकसूदनं बँकेतून पिशवीभर रोख आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुन्यानं रस्त्यावर लांब लांब अंतरावर वर्तुळं आखली आणि जुनी शिट्टी गळ्यात अडकवली. एक हवालदार आला, वर्तुळं बघितली, शिट्टी बघितली, आणि "चालू द्या, गार्डसाहेब," म्हणून निघून गेला. रांग कोपऱ्यापर्यंत होती. मकसूद ओट्यावर खुर्ची टाकून बसला नाही, उभा राहिला.

"पैसं शेअरच्या फंडात मी घातलं," तो मोठ्यानं म्हणाला. "पेटीतला तिसरा हिस्सा. आज त्येचं मोल लय उतरलंय. चूक माजी हाय, जुनेदची न्हाई, पंचांची न्हाई. पन कुनाची अमानत बुडनार न्हाई. ज्याला न्यायाची त्यानं आता न्यावी. ज्याला उसनं पायजे त्यानं बी या."

नजमा पहिल्या वर्तुळात होती. त्यानं तिच्या हातात पुडकं ठेवलं. तिनं ते ओढणीच्या टोकात बांधलं आणि कोणाकडे न बघता गेली. नंतर दुसरा, तिसरा. दिवसामागून दिवस तेच. मकसूद कोणाला का म्हणून विचारत नव्हता. बंगल्यावरच्या माळ्याला किराण्यापुरते उसने, एका वेटरला गावी पाठवायला. पैसा पाण्यासारखा चालला होता, आणि एका सकाळी मला दिसलं की पिशवीचा तळ दिसू लागलाय आणि रांग पहिल्या दिवसाएवढीच आहे.

मी त्याला भिंतीपाशी बोलावलं. "अक्कल गहाण ठेवलीस का? हळू दे. नाव विचार, बापाचं नाव विचार, सही दोनदा घे. रांग कंटाळून घरी जाईल."

"न्हाई," तो म्हणाला. "भ्यालेल्या मानसाला ताटकळत ठिवलं तर तो आनखी धा जनांस्नी भिववितो. हाय तवर देनार. संपलं की संपलं म्हनून सांगनार."

तेवढ्यात रांगेतून माज ओरडला. माज पर्यटकांची गाडी चालवतो, तोंडाचा फटकळ आहे. "चाचा, शेअरात बुडवलं ते बुडवलं, ऱ्हायल्यालं तरी झटक्यात द्या!"

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सगळ्या खंडाळ्याला माहीत आहे. मी शिट्टी फुंकली आणि म्हणालो, "अरे गाढवा, शेअरातलं शेअरातच हाय अजून! तू नेतोयस ते नूरवहिनीच्या हजचं हाय!"

माजनं तरीही आपले पैसे घेतले, आणि घेतले ते बरोबरच केलं. त्याच्या घरात दूधपितं पोर होतं. पण त्याच्या मागचे दोघे वर्तुळातून निघून घरी गेले. मकसूद मात्र माझ्यावर असा संतापला की बोलायचा थांबला. संध्याकाळी भिंतीवरून एवढंच म्हणाला, "इशारा मिळाल्याबिगर गार्ड शिट्टी मारतो का कदी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्तुळं आखण्याआधीच नजमा येऊन उभी होती. तिनं ओढणीचं टोक सोडलं आणि पुडकं ओट्यावर ठेवलं.

"हे तुजं हाय. तू हक्कानं नेलंस," मकसूद म्हणाला.

"मग हक्कानंच परत ठिवते. निकाह तर पुढंच गेलाय. आनि मागितलं की मिळतं एवढं कळलं, मला तेच पायजे व्हतं." ती जाता जाता थांबली. "चाचीच्या हजच्या पैशावर माज्या पोरीचा निकाह लागला असता, तर मी तिला काय तोंड दाखवलं असतं?"

नजमानं पैसे परत ठेवल्याची बातमीही मोबाइलवरूनच फिरली. सगळ्यांनी तिच्यासारखं केलं असं नाही, आणि कोणी कोणाला नावंही ठेवली नाहीत. पण आठवडाभरात रांगेत अमानत मागणारे थोडे आणि उसनं मागणारे जास्त, असं झालं. पेटीचा तळ लागला नाही. आमचं भांडणही पूर्ववत सुरू झालं, म्हणजे सगळं ठीक झालं.

एप्रिलच्या शेवटी पुन्हा एकदा बातम्यांत खळबळ उडाली. एका फंड कंपनीनं आपल्या काही योजना एकाएकी बंद केल्या आणि सगळे आपापले पैसे काढायला धावले. या वेळीही रिझर्व्ह बँक थांबली नाही. फंडांना रोख मिळावी म्हणून तिनं बँकांमार्फत पन्नास हजार कोटींची खास खिडकी उघडली. पुढं पेपरात आलं की त्या खिडकीवर फारच थोडी रक्कम उचलली गेली. मी ते मोठ्यानं वाचून म्हणालो, "बघ, फुकट गेली खिडकी."

मकसूद भिंतीवर कोपर टेकून पोट धरधरून हसला. "फुकट कशी, गोरख? उघडी व्हती म्हनून तर कोनी आलं न्हाई!"

वर्ष संपता संपता बाजार वर आला, आणि पेटीतला फंड पहिल्यापेक्षा जास्त झाला. मकसूदनं त्यातून जेवढे दिले होते तेवढेच पैसे परत घेतले. वरचा नफा पेटीचा. पंच म्हणाले, तुझ्यामुळे फंड विकावा लागला नाही, यातला काही भाग तू घे. त्यानं कानाला हात लावले. दिलेल्यापेक्षा जास्त घेतलं तर ते व्याजच, नाव काही द्या. पुढं त्यानं पेटीला नियम घालून दिला: अमानतीचा पैसा शेअरात नाही, ज्यावर कोणाचा हक्क नाही असं दान असेल तर तेवढंच. आणि दार रोज उघडायचं, मशीद उघडली तरी.

मी भांडलो. म्हणालो, "अरे, सगळं महाग झालंय. तेवढ्याच रुपयांत आता तेवढंच येत न्हाई."

"दिलं तेवढं मिळालं. हिशेब मिटला," तो म्हणाला.

पण महागाई कोणाचं ऐकत नाही. जगभरच्या बँकांनी ओतलेली रोख, त्यात युद्ध, तेल, सगळ्यांनी मिळून भाव वर नेले. इंजिनाचा जोर जास्त झाला की मधले डबे उचलतात, तसंच. २०२२ च्या मेमध्ये रिझर्व्ह बँकेनं पुन्हा टाइमटेबल मोडून बैठक घेतली, पण या वेळी व्याज वाढवायला. मी वस्तीत पेढे वाटले. मकसूदनं पेढा खाल्ला आणि म्हणाला, "उतार लागला की इंजिनाचं काम गाडी धरून ठिवायचं. ते बी त्येच करतंय."

त्याच वर्षी हज बाहेरच्या लोकांना पुन्हा खुली झाली. पण पासष्टच्या आतल्यांनाच परवानगी. मकसूद पासष्ट ओलांडून गेलेला, वहिनी अजून आत. चार बायका मिळून, घरच्या पुरुषाशिवाय जाऊ शकत होत्या. चौकशीला लोणावळ्यात मकसूदबरोबर मीच गेलो होतो, म्हणून मला ठाऊक आहे: दोघांसाठी जमवलेले ते पैसे आता एकाला पुरून थोडेच उरत होते. वयाची अट नसती तरी दोघांना जाता आलंच नसतं. बाहेर पडल्यावर तो म्हणाला, "नूरला फकस्त वयाचं सांगायचं. पैशाचं कळलं तर ती जानार न्हाई." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "गोरख, मी तुला सांगतोय."

वहिनी आधी तयार नव्हती. तुमच्याशिवाय मी नाही, म्हणून दोन दिवस जेवली नाही. शेवटी नजमा तिच्यापुढं बसली. अम्माराचा निकाह तोवर झाला होता आणि नजमाच्या भावांनी तिच्या हजचे पैसे भरले होते. "चाची, तुमी न्हाई आलात तर मी बी जात न्हाई," ती म्हणाली. लोणावळ्यातल्या आणखी दोघी मिळाल्या. चौघी झाल्या.

निघायच्या दिवशी आम्ही लोणावळा स्टेशनवर मुंबईच्या सकाळच्या गाडीला पोचवायला गेलो. जुनेद मुंबईपर्यंत जाणार होता. नजमानं वहिनीची बॅग आपल्या खांद्याला लावली होती, कोणाला हात लावू देत नव्हती. गाडी सुटायला थोडा वेळ होता. वहिनी खिडकीशी बसली आणि मकसूदला म्हणाली, "तुमच्यासाठी काय मागू तितं?"

"माझ्या ठेवीचं व्याज—" मी मध्येच बोललो.

"गोरखभाऊ! तितं जाऊन व्याज मागू व्हय?" वहिनी डोळे वटारून म्हणाली, आणि सगळे हसलो.

मग ती पुन्हा मकसूदकडे वळली. "वयाची अट एक ना एक दिस उठंल. मग तुमी जायाचं. तुमच्या वाटनीचं पैसं हायेत ना?"

"हायेत की," मकसूद म्हणाला.

तिनं त्याच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. "गोरखभाऊ, खरं बोलतायत का हे? तुमच्या तोंडात तर तीळ भिजत न्हाई."

पुढं सिग्नल पडला होता. माझ्या ओठांवर सगळं आलं होतं, हज, महागाई, दिलं तेवढंच घेतलेलं, सगळं. मकसूद माझ्याकडे बघत नव्हता. तो आपला गाडीच्या शेपटीकडे बघत होता.

"खरं हाय, वहिनी," मी म्हणालो. "हायेत."

तिचा चेहरा निवळला. गाडी हलली. नजमानं खिडकीतून हात केला, वहिनीनं पदर डोळ्याला लावला. शेवटचा डबा पुढून जाईपर्यंत आम्ही दोघं उभे राहिलो, नोकरीतली सवय. मकसूदनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग घड्याळ बघून म्हणाला, "चल. दार उघडायचंय."